वाटीतल्या चिठ्ठ्यांपासून टॅक्सॉलपर्यंत: सूक्ष्मनलिकांवरच्या औषधाचं मॉडेल कसं बांधायचं

या विषयात नवा आलेला विद्यार्थी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. त्याला औषधाचं समीकरण आधी हवं असतं. पण औषध न टाकलेली नलिकाच तुमच्या मॉडेलमध्ये धड वागत नसेल, तर औषध टाकल्यावर ती कशी वागते हे विचारण्यात काही राम नाही. म्हणून या लेखात औषध निम्म्या वाटेवर येईल. वही-पेन लागेल, थोडं पायथन येत असेल तर उत्तम, आणि गणित बारावीचं पुरेल.

आधी नलिकेची ओळख

सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीच्या आतल्या पोकळ नळ्या, बाहेरून साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाची अल्फा-बीटा अशी जोडी असते आणि एक जोडी ८ नॅनोमीटर लांब भरते. जोडीवर जोडी रचून एक धागा होतो. असे बहुधा १३ धागे शेजारी-शेजारी उभे राहून गोल वळले की नळी तयार. आता हिशोब करा: एका मायक्रोमीटरमध्ये एका धाग्यात १२५ जोड्या, १३ धाग्यांत १,६२५. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.

या नळ्या स्थिर नसतात. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखवलं की एकाच द्रावणात, एकाच वेळी, काही नळ्या वाढत असतात आणि काही भराभर आटत असतात. कारण जीटीपी, म्हणजे पेशीतला एक ऊर्जावाहक रेणू. नवी जोडी येते ती जीटीपी घेऊन. रचनेत बसल्यावर काही वेळाने एक फॉस्फेट सुटून त्याचं जीडीपी होतं. जीडीपीवाल्या जोडीला बाहेर वाकायचं असतं, पण शेजाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे ती सरळ उभी असते. टोकावर जीटीपीवाल्या जोड्यांची टोपी आहे तोवर ठीक. टोपी गेली की सोललेल्या केळ्याच्या सालीसारखे धागे बाहेर वळतात आणि नळी धाडकन आखडत जाते. याला इंग्रजी ग्रंथांत ‘कॅटॅस्ट्रॉफी’ म्हणतात. मी इथे ‘कोसळणं’ म्हणतो. कधी कधी मध्येच पडझड थांबून वाढ पुन्हा सुरू होते, ते ‘सावरणं’.

पायरी १: फिल्ममधून चार आकडे काढा

सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या फिल्मपासून ‘कायमोग्राफ’ काढतात. एकच नलिका, तिची लांबी आडवी, वेळ उभी, आणि प्रत्येक क्षणाची पट्टी आधीच्या पट्टीखाली चिकटवलेली. फिजी हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. चित्र करवतीच्या दातांसारखं दिसतं: एक बाजू रेंगाळत जाणारी, ती वाढ, दुसरी बाजू जवळजवळ आडवी, ती घट. घटीचा वेग वाढीच्या दहा-पंधरा पट असतो, म्हणून हा फरक डोळ्यांनाही चटकन कळतो.

या चित्रातून चार आकडे काढायचे आहेत. वाढीचा वेग, त्याला ‘वा’ म्हणू. घटीचा वेग ‘घ’. कोसळण्याचा दर ‘को’ आणि सावरण्याचा दर ‘सा’.

वेग काढणं सोपं आहे, रेघेचा उतार मोजायचा. दर काढताना मात्र निम्मे लोक चुकतात. समजा एका नलिकेची २० मिनिटांची फिल्म आहे. त्यात १६ मिनिटं ती वाढत होती, १ मिनिट घटत होती आणि ३ मिनिटं जागच्या जागी उभी होती. पाच वेळा कोसळली, एकदा सावरली. कोसळण्याचा दर किती? ५ भागिले २० नाही. ५ भागिले १६, म्हणजे मिनिटाला ०.३१. कारण वाढत असलेलीच नळी कोसळू शकते, म्हणून भाजक फक्त वाढीचा वेळ. हाच न्याय सावरण्याला लावा: १ भागिले १, मिनिटाला १. एकूण वेळेने भागलंत तर ०.०५ येईल, वीस पट चूक. कोसळण्याच्या दरात ही चूक लपून राहते, सावरण्याच्या दरात ती मॉडेल बुडवते.

आणखी एक. एकच सावरणं मोजून काढलेल्या दरावर विश्वास ठेवू नका. अशा मोजणीतली अनिश्चितता ढोबळमानाने घटनांच्या संख्येच्या वर्गमुळावर चालते: २५ घटना मोजल्या तर २० टक्के, १०० मोजल्या तर १० टक्के. पाच-सहा नळ्यांवर दराचे तीन दशांश लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते.

त्या ३ मिनिटांच्या ‘उभं राहण्या’चं काय? प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला दोन-एकशे नॅनोमीटरपेक्षा बारीक हालचाल नीट दिसत नाही, त्यामुळे खूप हळू हलणारी नळी थांबलेलीच वाटते. औषधाशिवाय ही बाब किरकोळ असते. औषध टाकल्यावर थांबण्याचा वेळ खूप वाढतो आणि मग तीच मुख्य बाब होते. तेव्हा पहिल्या दिवसापासून थांबण्याचा रकाना वेगळा ठेवा. नंतर फिल्म पुन्हा मोजायची पाळी येऊ नये.

पायरी २: वाटी आणि वीस चिठ्ठ्या

संगणकाला हात लावण्याआधी हे एकदा हाताने करा. सरावासाठी आकडे घेऊ: वा मिनिटाला १.७ मायक्रोमीटर, घ मिनिटाला २७ मायक्रोमीटर, को मिनिटाला ०.३, सा मिनिटाला १.२. दहा-दहा सेकंदांचे टप्पे धरा. दहा सेकंदांत कोसळण्याची शक्यता ०.०५, म्हणजे विसात एक. वाटीत वीस चिठ्ठ्या टाका, एकीवर फुली. प्रत्येक टप्प्याला एक चिठ्ठी काढायची आणि परत टाकायची. कोरी निघाली की लांबी ०.२८ ने वाढवा. फुली निघाली की नळी कोसळली. आता चार चिठ्ठ्यांवर फुल्या, कारण सावरण्याची शक्यता विसात चार, आणि दर टप्प्याला लांबीतून ४.५ वजा.

मी हा खेळ करून पाहिला तेव्हा नऊ कोऱ्या निघाल्या, लांबी २.५ झाली, दहावीला फुली. पुढच्या टप्प्यात वजा करायचे ४.५. शिल्लकच २.५! नळी बीजापर्यंत, म्हणजे ज्या स्थिर तुकड्यावरून ती वाढू लागली तिथपर्यंत, साफ, सावरायला संधीच नाही. म्हणजे दहा सेकंदांचा टप्पा वाढीला चालतो, घटीला फार मोठा पडतो. संगणकावर थेट गेलो असतो तर ही गोष्ट माझ्या लक्षात आली नसती. आलेख काढून मी मोकळा झालो असतो.

संगणकावर टप्पा एका सेकंदाचा करा: को ०.००५, सा ०.०२, वाढ ०.०२८, घट ०.४५. याहून चांगला मार्ग म्हणजे टप्पेच नकोत. नळी वाढू लागली की थेट विचारा, ही किती वेळ वाढेल? शून्य ते एक यांमधला एक यादृच्छिक आकडा घ्या, त्याचा नैसर्गिक लॉग काढा, चिन्ह बदला आणि ‘को’ने भागा. तेवढी मिनिटं वाढ. मग तसंच ‘सा’ने भागून घटीची मिनिटं. लांबी शून्याला टेकली की बीजावरून लगेच पुन्हा वाढ सुरू. सगळा प्रोग्राम पंचवीस-तीस ओळींत होतो.

पायरी ३: कागदावरच्या उत्तराशी ताडा

१९९३ मध्ये मारिलीन डॉग्टेरोम आणि स्टॅनिस्लास लाइब्लर यांनी या दोन-अवस्थांच्या मॉडेलचं नेमकं उत्तर काढलं. सारा मामला एका तुलनेवर येतो: ‘घ गुणिले को’ मोठं की ‘वा गुणिले सा’ मोठं? पहिलं मोठं असेल तर नळ्यांची लांबी मर्यादेत राहते आणि सरासरी अशी निघते:

सरासरी लांबी = (वा × घ) ÷ (घ × को − वा × सा)

आपले आकडे टाका. वर १.७ गुणिले २७, म्हणजे ४५.९. खाली ८.१ वजा २.०४, म्हणजे ६.०६. उत्तर ७.६ मायक्रोमीटर. तुमच्या प्रोग्रामने दीर्घकाळ चालवल्यावर लांबीची सरासरी ७.६ च्या आसपास दिली पाहिजे, आणि लांबीचं वितरण घातांकी, म्हणजे आखूड नळ्या पुष्कळ आणि लांब नळ्या विरळ, असं दिसलं पाहिजे. नाही आलं तर चूक प्रोग्राममध्ये आहे. पुढे जाऊ नका.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या मॉडेलमध्ये मी वेग मिनिटाचे घेतले आणि दर सेकंदाचे. प्रोग्राम छान चालला, वितरण सुबक घातांकी आलं, सूत्राशी तंतोतंत जुळलं सुद्धा, कारण सूत्रातही मी तेच आकडे घातले होते! सरासरी लांबी आली ४५४ मायक्रोमीटर. मी तो आलेख घेऊन बैठकीला गेलो. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “पेशी केवढी असते?” साधारण वीस मायक्रोमीटर. अर्ध्या मिलिमीटरची नळी तिच्यात बसणार कुठे? तेव्हापासून प्रत्येक चल-नावाला मी एकक चिकटवतो.

खालची वजाबाकी शून्य किंवा ऋण झाली तर? मग नळ्या अमर्याद वाढतात आणि सूत्र निरर्थक होतं. हा उंबरठा ध्यानात ठेवा. आपल्या आकड्यांत ‘को’ ०.३ वरून निम्मा, ०.१५ केला तर सरासरी ७.६ वरून २२.८ वर जाते, तिप्पट. आणखी निम्मा, ०.०७५ केला की उंबरठा ओलांडला. औषधाचा परिणाम सरळ रेषेत मोजायचा नसतो, तो याचमुळे.

पायरी ४: ट्यूब्युलिनचा साठा

अमर्याद वाढ प्रत्यक्षात होत नाही, कारण विटा, म्हणजे ट्यूब्युलिनच्या जोड्या, संपतात. वाढीचा वेग मोकळ्या ट्यूब्युलिनवर अवलंबून असतो. १९८८ मध्ये वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओ-सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नळी पाहून आकडे दिले: नळीच्या वेगवान टोकाला दर मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) ट्यूब्युलिनमागे सेकंदाला ८.९ जोड्या येतात, वाढत असतानाही सेकंदाला ४४ सुटतात, आणि कोसळल्यावर सेकंदाला ७३३ सुटतात. ७३३ ला १,६२५ ने भागा, ६० ने गुणा: मिनिटाला २७ मायक्रोमीटर. आपला ‘घ’ तिथूनच आला. १० मायक्रोमोलर ट्यूब्युलिन असेल तर ८९ वजा ४४, सेकंदाला ४५ जोड्या, मिनिटाला १.७ मायक्रोमीटर. हा ‘वा’. ‘को’ आणि ‘सा’ मात्र मी सरावापुरते गोल केले आहेत. तुमच्या प्रयोगात तुमचेच मोजा.

आता ट्यूब्युलिन १० वरून ८ वर आणा. ७१.२ वजा ४४, म्हणजे सेकंदाला २७.२ जोड्या, मिनिटाला जेमतेम १ मायक्रोमीटर. साठा वीस टक्क्यांनी घटला, वेग चाळीस टक्क्यांनी. ५ मायक्रोमोलरच्या खाली वाढच बंद. तेव्हा प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवा: मोकळं ट्यूब्युलिन म्हणजे एकूण वजा सर्व नळ्यांत अडकलेलं. एक नळी पुरणार नाही, निदान काही शे नळ्या एकाच साठ्यावर चालवा.

पायरी ५: आता औषध

ट्यूब्युलिनवर चालणारी जुनी औषधं वनस्पतींतून आली, आणि त्यातल्या दोघी आपल्या ओळखीच्या. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी: तिच्यात कोल्चिसिन असतं. दारातली सदाफुली: तिच्यात व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन. मधुमेहावर उपयोगी पडते अशी समजूत होती म्हणून तिचा अर्क कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तपासत होते. साखर राहिली बाजूला, पांढऱ्या पेशीच घटताना दिसल्या, आणि १९५८ मध्ये त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं. तिसरं टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, अमेरिकेतल्या पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतलं. १९७१ मध्ये मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी त्याची रचना दिली, १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांच्या गटाने ते नळ्या मोडत नाही तर घट्ट करतं हे दाखवलं. (मॉडेल बांधायला बसलात म्हणून अंगणातली सदाफुली उकळून पिऊ नका. कळलावी तर जीवघेणी विषारी आहे.)

मॉडेलच्या दृष्टीने औषध म्हणजे एकच निर्णय: चार आकड्यांपैकी आणि साठ्यापैकी कशाला हात लावायचा, आणि कोणत्या कारणाने. एका वेळी एकालाच लावा. पाचही गोष्टी एकदम बदलल्यात तर कोणताही आलेख कोणत्याही औषधाला बसवता येतो.

पहिला दरवाजा साठ्याचा. भरपूर कोल्चिसिन किंवा नोकोडाझोल (हे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध) मोकळ्या ट्यूब्युलिनला धरून ठेवतं, विटा कमी पडतात. १० चे ८ झाले तर आपल्या सूत्रात सरासरी ७.६ वरून ३.९. ‘को’ही सहसा वाढतो, कारण वाढ मंदावली की टोपी पातळ होते, म्हणजे खरा परिणाम याहून मोठा.

दुसरा दरवाजा टोकाचा, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. व्हिनब्लास्टिन नळीच्या टोकाशी बसतं आणि तिथे एक-दोन रेणू बसले तरी टोकाची हालचाल लक्षणीय मंदावते. इतक्या थोड्या औषधाने हे कसं होतं? टोकाला १३ जागा आहेत. प्रत्येक जागी औषध असण्याची शक्यता ५ टक्के धरा. तेराही जागा मोकळ्या असण्याची शक्यता ०.९५ चा तेरावा घात, ०.५१. म्हणजे पाच टक्के ट्यूब्युलिन व्यापलं तरी जवळजवळ निम्म्या टोकांवर निदान एक रेणू बसलेला. दहा टक्के व्यापलं तर पाऊणशे टक्के टोकं. एवढंसं औषध पुरतं त्याचं गुपित या तेराव्या घातात आहे.

तिसरा दरवाजा भिंतीचा. पॅक्लिटॅक्सेल नळीच्या आतल्या बाजूने बीटा-ट्यूब्युलिनवर बसतं आणि जोड्यांची पकड घट्ट करतं. मॉडेलमध्ये ‘को’ खाली, ‘सा’ वर (कारण एकच, म्हणून इथे दोघांना हात). ०.१ आणि २.४ टाकून पाहा: ‘घ × को’ २.७, ‘वा × सा’ ४.०८. उंबरठा ओलांडला, नळ्या निव्वळ वाढतच राहणार. साठ्याची ओळ लिहिली नसेल तर तुमचा प्रोग्राम इथे सुसाट सुटेल. लिहिली असेल तर थोड्या वेळाने मोकळं ट्यूब्युलिन घटून वेग मंदावेल आणि सगळं स्थिरावेल.

इथे थोडं थांबा: चारही आकडे निम्मे केले तर?

वर म्हटलं एका वेळी एकाला हात लावा, आणि आता मीच नियम मोडतो. वा, घ, को, सा चारही निम्मे करा. ०.८५, १३.५, ०.१५, ०.६. सूत्रात वरचा गुणाकार पाव होतो, खालची वजाबाकीही पाव होते. सरासरी लांबी? तीच, ७.६. वितरण? तेच. कुठल्याही क्षणी पेशीचा फोटो काढा, औषध दिलेली आणि न दिलेली पेशी ओळखू येणार नाही. नळ्या तेवढ्याच, लांबी तेवढीच, एकूण वस्तुमान तेवढंच. बदललंय फक्त एक: फिल्म निम्म्या वेगाने चालली आहे.

हा गणिती खेळ नाही. १९९३ मध्ये मेरी अॅन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांच्या गटाने हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) दाखवलं की १० नॅनोमोलरहून कमी टॅक्सॉलने पेशी विभाजनाच्या मध्यावर अडतात, पण नळ्यांचं एकूण वस्तुमान वाढलेलं नसतं. नळ्या घट्ट होऊन ढीग साचतो तो बऱ्याच मोठ्या मात्रेत. कमी मात्रेत औषध नळ्यांना फक्त संथ करतं. विभाजनात नळ्या गुणसूत्रं शोधत फिरतात: वाढायचं, चुकायचं, कोसळायचं, दुसऱ्या दिशेला पुन्हा. हे शोधणं निम्म्या वेगाने चाललं तर लागणारा वेळ दुप्पट, आणि सगळी गुणसूत्रं बांधली जाईपर्यंत पेशी पुढची पायरी चढत नाही. मुंबईच्या आयआयटीत दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेने याच वाटेवर बरंच काम केलं. नायट्यावर देतात ते ग्रिसिओफल्विनसुद्धा नळ्यांची हालचाल अशीच दाबतं, हे त्यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये मांडलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की सरासरी लांबी किंवा वस्तुमान हा एकच आकडा मॉडेलच्या बाहेर काढलात तर औषध तुमच्या नजरेतून निसटेल. ‘गतिमानता’ काढा: वाढलेली आणि घटलेली लांबी दोन्ही बेरजेत धरून, थांबण्याच्या वेळेसकट एकूण वेळेने भागायची. चार आकडे निम्मे केल्यावर ही बरोब्बर निम्मी होते.

पायरी ६: मात्रा आणि परिणाम यांची सांधणी

आता ‘को निम्मा’ असं न म्हणता ‘इतक्या नॅनोमोलरला को इतका’ म्हणायचं. सगळ्यात साधं रूप:

व्यापलेला भाग = मात्रा ÷ (मात्रा + अर्धमात्रा)

अर्धमात्रा म्हणजे निम्म्या जागा भरायला लागणारी मात्रा. मग ‘को’ला (१ − व्यापलेला भाग) ने गुणा, किंवा टोकाचं औषध असेल तर तेराव्या घाताचं सूत्र वापरा. दोन्ही वापरून पाहा. कमी मात्रेत ते अगदी वेगळे वागतात आणि प्रयोगातला पहिला-दुसरा बिंदूच त्यांच्यातला निवाडा करतो. म्हणून प्रयोग करणाऱ्या मित्राला सांगा, मोठ्या मात्रांचे पाच बिंदू नकोत, छोट्या मात्रांचे चार दे.

इथे एक खड्डा आहे. सूत्रातली मात्रा मोकळ्या औषधाची असते, बाटलीतून टाकलेल्या औषधाची नाही. परीक्षानळीत १० मायक्रोमोलर ट्यूब्युलिन आणि १० नॅनोमोलर पॅक्लिटॅक्सेल असेल तर हजार जोड्यांमागे एकच रेणू: सगळं ट्यूब्युलिन नळ्यांत आणि सगळं औषध त्यांच्यावर गेलं तरी मायक्रोमीटरमागे दीड-एक. पेशीत मात्र उलटी गंगा. टॅक्सॉल पेशीच्या आत शेकडो पटींनी साठतं, म्हणजे बाहेर १० नॅनोमोलर असताना आत काही मायक्रोमोलर. परीक्षानळीतली अर्धमात्रा उचलून पेशीच्या मॉडेलमध्ये घातली की उत्तर शेकडो पटींनी चुकतं, आणि मग दोष औषधावर जातो.

पायरी ७: मॉडेल कुठे अपुरं पडतं

आपण धरलं की कोसळण्याची शक्यता दर सेकंदाला सारखीच. खऱ्या नळीचं तसं नसतं. ती म्हातारी होते. नुकतीच वाढू लागलेली नळी क्वचित कोसळते, बराच वेळ वाढलेली जास्त सहज. २०११ मध्ये मेलिसा गार्डनर, जो हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी मोजलं की कोसळण्याआधी साधारण तीन पायऱ्या घडाव्या लागतात. प्रोग्राममध्ये हे आणणं सोपं: वाढीचा वेळ एका यादृच्छिक आकड्यातून न काढता तीन आकड्यांच्या बेरजेतून काढा, प्रत्येकाचा दर तिप्पट. सरासरी तीच राहील, पण फार लवकर कोसळणाऱ्या नळ्या गायब होतील. तुमच्या फिल्ममध्ये त्या आहेत की नाहीत, ते आधी मोजा. मगच वय आणा.

आणि चार आकडे का बदलले, हे चार आकड्यांचं मॉडेल सांगू शकत नाही. त्यासाठी एकेका जोडीचं मॉडेल लागतं: १३ धागे, प्रत्येक जोडीला खालच्या आणि शेजारच्या जोडीशी बंध, प्रत्येक बंधाला ऊर्जा. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड ऑडी यांच्या गटाने २०१७ मध्ये असं मॉडेल सूक्ष्मदर्शकाच्या मोजणीशी जोडून सांगितलं की व्हिनब्लास्टिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोघंही नळ्या शांत करतात, पण वाटा वेगळ्या. व्हिनब्लास्टिन जोड्यांचं येणं-जाणं खरोखर मंद करतं. पॅक्लिटॅक्सेल जीटीपी आणि जीडीपीवाल्या जोड्यांमधला ऊर्जेचा फरकच जवळजवळ पुसून टाकतं, त्यामुळे कोसळायला कारणच उरत नाही. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच निपचित दिसतात. हे मॉडेल तुम्ही दुसऱ्या वर्षी बांधाल. पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नका, एकेका जोडीचा हिशोब ठेवायला संगणक रात्र-रात्र लागतो.

पायरी ८: डेटा बसवताना

औषधाशिवायच्या फिल्ममधून चारही आकडे आधी पक्के करा आणि कुलूप लावा. औषधाच्या फिल्म बसवताना त्यांना हात लावायचा नाही. बदलायची परवानगी फक्त अर्धमात्रा आणि परिणामाचं रूप यांना. थांबण्याच्या वेळेचं काय केलं ते वहीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचाच आलेख तुम्हाला उमगणार नाही. यादृच्छिक आकड्यांचं बीजही (प्रोग्रामला सुरुवातीला दिलेला आकडा) नोंदवून ठेवा, म्हणजे तीच धाव पुन्हा काढता येईल.

मग सगळ्या मात्रांपैकी मधली एक मात्रा झाकून ठेवा. उरलेल्या मात्रांवर मॉडेल बसवा, झाकलेल्या मात्रेला गतिमानता किती येईल ते कागदावर लिहा, तारीख घाला, आणि मित्राला सांगा, आता ती फिल्म उघड.